मदत हवी आहे: दोघींना बाळ हवंय, पुण्यात आययूआय (शुक्रजंतू नळीने थेट गर्भपिशवीत सोडणं) कुठे?

आम्ही दोघी जोडीदार आहोत, वय ३४ आणि ३१. २०२१ च्या एआरटी (सहाय्यित प्रजनन) कायद्यात 'जोडपं' म्हणजे विवाहित स्त्री-पुरुष, त्यामुळे एकीनेच एकटी स्त्री म्हणून नोंद करायची. वीर्य नोंदणीकृत बँकेतूनच, दाता अनामिक. एकीचं स्त्रीबीज दुसरीच्या गर्भपिशवीत ठेवता येत नाही, कारण बीजदातीही बँकेमार्फतच लागते. हे फार लागतं मनाला.

सुरुवात धाकटीपासून: एएमएच (स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी), सोनोग्राफी, आणि पाळीचा रक्तस्राव थांबल्यावर लगेच एचएसजी (गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहणारा एक्स-रे). दोन्ही गर्भनलिका बंद असतील तर आययूआय वायाच, सरळ आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भपिशवीत ठेवणं). गोठवलेले शुक्रजंतू वितळल्यावर कमी काळ टिकतात, म्हणून ट्रिगर इंजेक्शननंतर (स्त्रीबीज बाहेर पडण्यासाठी देतात ते) साधारण ३६ तासांची वेळ चुकवून चालत नाही.

तर विचारायचंय:

कोथरूड, औंध किंवा कॅम्पात असं नोंदणीकृत केंद्र कोणतं, जिथे नवऱ्याची सही मागत नाहीत आणि रविवारीही आययूआय करतात? वितळल्यानंतरच्या शुक्रजंतूंच्या हालचालीचा अहवाल हातात देतात का?

जन्मदाखल्यावर एकीचंच नाव येणार. दुसरीसाठी मृत्युपत्र आणि पालकत्वाचे कागद नीट करून देणारे, शिवाजीनगर कौटुंबिक न्यायालयातले वकील कुणाला माहीत आहेत का? हे गर्भधारणेआधीच व्हायला हवं.