विलायतची डाक वेगवान कुणी केली? वाघॉर्नचा जयजयकार आता पुरे

चिकित्सक
परवा इथंच एकानं टॉमस वाघॉर्नवर, म्हणजे इंग्लंड-हिंदुस्थानची डाक इजिप्तमार्गे नेण्यासाठी झटलेल्या त्या इंग्रजावर, पोस्ट टाकली. 'एकट्या माणसाच्या जिद्दीनं हिंदुस्थान आणि इंग्लंड जवळ आणले' वगैरे. खाली बदामांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, पण आता राहवत नाही.

वाघॉर्न १८२९ च्या ऑक्टोबरात लंडनहून निघाला. सुएझला जी 'एंटरप्राइझ' बोट मिळायची होती ती आलीच नाही, तेव्हा गडी उघड्या होडीतून तांबड्या समुद्रात घुसला. धाडसाबद्दल वाद नाही. पण मार्च १८३० मध्ये तो मुंबईला टेकला त्याच सुमारास 'ह्यू लिंडसे' ही वाफेची बोट सुएझकडे सुटलीसुद्धा होती. ४११ टनांची, मुंबईच्याच गोदीत वाडियांनी बांधलेली, कप्तान जॉन विल्सन. थांबत थांबत महिनाभरात सुएझ गाठलं तिनं.

खरी गोष्ट कोळशाची आहे. बोटीत जागा पाच-सहा दिवसांच्या कोळशाची आणि वाटेतलं एडन बंदर त्याच्या दुप्पट लांब. मग केबिनीत कोळसा, डेकवर कोळसा, जिथं फट दिसेल तिथं कोळसा. ओझ्यानं बोट एवढी खाली बसली की चाकांना पाणी ढकलता येईना. एडनला लागली तेव्हा काही तासांपुरताच माल उरला होता. पुढच्या बंदरांवरचा कोळसा शिडाच्या जहाजांनी आधीच नेऊन टाकलेला, म्हणजे वाफेच्या बोटीचं पोट भरायचं वाऱ्यावर चालणाऱ्या गलबतांनी! १८३९ मध्ये कॅप्टन हेन्सनं एडन घेतलं ते याच पायी, आणि पुढे कित्येक वर्षं त्याचा कारभार मुंबईहून चालला. ज्याच्या हातात कोळशाचं ठाणं, त्याची डाक वेगवान.

गिरगावकर_जुना
कोळसा उगाळाल तितका काळाच, साहेब. तुमच्या त्या 'ह्यू लिंडसे'च्या खर्चावरून ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या डायरेक्टरांनी मुंबई सरकारलाच झापलं होतं, ते सोयीस्कर विसरलात. सरकारी खात्याला घाई कधी असते का? आत्ताचंच बघा, भाचीनं परदेशातून पाठवलेलं पार्सल मुंबईत येऊन तीन आठवडे पडून. ट्रॅकिंगवर रोज तेच वाक्य.

बोट सुएझला लागली म्हणजे पत्र लंडनला पोचलं असं नव्हे. मधे अख्खा इजिप्त आहे. अलेक्झांड्रियाहून कालव्यानं, मग नाईलनं कैरोपर्यंत, मग सुएझपर्यंत ऐंशीच्या वर मैल वाळवंट. तिथं माणसं, उंट, मुक्कामाची ठाणी यांची जुळवाजुळव करण्यात वाघॉर्ननं आयुष्य घालवलं. १८४५ मध्ये युरोपातल्या ट्रिएस्ट बंदरामार्गे मुंबईची डाक महिन्याभरात लंडनला नेऊन दाखवली. आफ्रिकेच्या केपला वळसा घालून याच पत्राला चार-सहा महिने लागायचे. आणि १८५० मध्ये मेला तो कर्जात. कंपनीच्या एका तरी डायरेक्टरनं असं कर्ज अंगावर घेतलं?

रेल्वेवेडा
दोघेही बोटीतून उतरायला तयार नाहीत. इजिप्तची रेल्वे १८५८ च्या सुमारास सुएझपर्यंत आली तेव्हा उंट सुटले. इकडे १८६३ मध्ये बोरघाट, १८७० मध्ये जबलपूरला रूळ जुळले आणि मुंबई-कलकत्ता सलग झालं. तिथून विलायतच्या डाकेचा दरवाजा मुंबई.

गंमत पुढे आहे. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला. तरी टपालखात्याच्या हट्टापायी कित्येक वर्षं डाक अलेक्झांड्रियाला उतरवून आगगाडीनं सुएझला न्यायची आणि पुन्हा बोटीवर चढवायची. बोट शेजारच्या कालव्यातून जाऊ शकते, पण थैल्या गाडीनंच जाणार. आणि इटलीतल्या ब्रिंडिसी बंदराबद्दल...

आंबोळगडचा
थांबा जरा, रेल्वेवाले. मघापासून कोळसा वाचतोय, तो भट्टीत टाकत कोण होतं ते कुणी बोलत नाही.

डाक नेणाऱ्या पी अँड ओ या बोट-कंपनीच्या मेलबोटींवर डेकवर आमचे रत्नागिरीकडचे खलाशी, त्यांचे मुकादम म्हणजे सारंग, आणि सारंगाच्या हाताखालचे टिंडेल. खाली भट्टीपाशी पंजाबी-पठाण आगवाले. प्रवाशांना वाढायला गोव्याची माणसं. तांबड्या समुद्रात मागून वारा आला की खाली हवा म्हणून जायची नाही, आणि मेलबोट म्हणजे वेग कमी करायचा नाही. कायद्यानं झोपायला गोऱ्या खलाशाला ७२ घनफूट जागा, आपल्याला ३६. पगार तिसरा-चौथा हिस्सा. माझे पणजोबा अशाच एका मोठ्या कंपनीच्या बोटीवर होते. आजी सांगायची, घरी आले की खळ्यातच झोपायचे, छपराखाली जीव गुदमरतो म्हणून. तुमचा वाघॉर्न कर्जात मेला. यांना कर्ज देणारासुद्धा सावकारच भेटायचा, बोटीवर चढवायला दलाली घेणारा.

गिरगावकर_जुना
झालं! कुठल्याही धाग्यात शोषण आणल्याशिवाय जेवण जात नाही काही लोकांना. पणजोबांना कुणी बांधून नेलं नव्हतं. याच पगारावर कोकणात चिरेबंदी घरं उठली. आणि डाक काय फक्त गोऱ्यांची होती? लिव्हरपूलचा कापसाचा भाव कळायला मुंबईचे भाटिये, पारशी बोटीकडे डोळे लावून बसायचे.

आंबोळगडचा
बसायचे, आणि १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपून भाव कोसळला तेव्हा निम्मी मुंबई बुडाली. चिरेबंदी घर दाखवा एकदा. आमच्या वाडीत ज्यांची आहेत ते सारंग होते, खलाशी नव्हते. मुंबईत बसून कोकणावर बोलू नका.

चिकित्सक
विषय डाकेचा आहे हो. आणि एक भर घालतो: पी अँड ओला डाकेसाठी जे अनुदान मिळे त्याचा वाटा हिंदुस्थानच्या तिजोरीतून जाई.

सालसेतची_सून
मी वादात पडत नव्हते, पण 'डाक वेगवान' ऐकून हसू आलं. माझे आजेसासरे बोटीवर बटलर, मुंबईत धोबीतलावच्या कूडात, म्हणजे गोव्याच्या गाववाल्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, राहायचे. साहेबांची पत्रं एडनहून मुंबईला येईस्तोवर बोटीवरच निवडून तयार. थैली उतरली की थेट गाडीत. आणि आमच्याकडे पावसाळ्यात किनाऱ्याच्या आगबोटी बंद. त्यांचा पहिला मुलगा आषाढात गेला, पत्र हातात पडेपर्यंत ते पुढच्या फेरीला निघून गेले होते. लंडनचं पत्र मुंबईला ठरल्या दिवशी, मुंबईचं पत्र गावाला देव जाणे कधी. कोणासाठी वेगवान ते आधी ठरवा.

गिरगावकर_जुना
ताई, तुमच्याशी भांडत नाही. बाकीच्यांसाठी: मान्य, अगदी मान्य. इंग्लंडात चॅथमला वाघॉर्नचा पुतळा आहे, तो उतरवा आणि तिथं फावडं बसवा. खाली चिकित्सकांचं नाव कोरा. पण इजिप्तचं वाळवंट कुणी लावून दिलं याचं उत्तर अजून एकानंही दिलेलं नाही.

रेल्वेवेडा
ब्रिंडिसीबद्दल अर्धंच राहिलं होतं. १८७१ मध्ये आल्प्समधला माँ सेनीचा बोगदा झाला आणि...

आंबोळगडचा
ब्रिंडिसी राहू द्या हो. पणजोबांचं नोकरीचं पुस्तक घरी आहे, वाळवीनं अर्धं खाल्लेलं. त्यातल्या बोटींची नावं नि तारखा कुठं पडताळून मिळतील, मुंबईत की लंडनलाच लिहावं लागेल? माहीत असेल त्यानं सांगा. गिरगावकरांनी सांगितलं तरी चालेल.