मोठा फिक्स ब्लेड (न दुमडणारा) चाकू कुठला घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बेळगावातल्या खानापूरकडं जांबोटीच्या बाजूला आमची काजूची बाग हाय, तिथं झुडपं तासायला, बांबू फोडायला आणि कधी रानात मुक्काम पडला तर सरपण करायला एक मोठा कंपनीमेड चाकू घ्यायचा विचार चाललाय. लोहाराकडचा कोयता हाय की घरात, आणि खरं सांगायचं तर तोडायला त्याच्यासारखं दुसरं काय नाही, पण पाठीला बांधून चालायला तो नको वाटतोय.

कोयत्याच्या जवळपास जाणारं म्हणून मन का-बार या अमेरिकन कंपनीच्या बेकर बीके ९ या चाकूवर बसलंय. फुल टँग (पात्याचं लोखंड मुठीच्या टोकापर्यंत), १०९५ क्रो-व्हॅन नावाचं कार्बन स्टील, पण पातं ९ इंचाच्या जरा वरच जातंय आणि आपल्याकडं ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पातं आर्म्स ॲक्टमधी येतंय, सरकारनं ठरवलेल्या भागात त्याला लायसन लागतंय. शेतीकामाच्या हत्यारांना सूट हाय म्हणा, पण गोव्याच्या चेकपोस्टवर पोलिसाला हे कोण समजावणार? म्हणून मग ७ इंची बीके ७ बघतोय, खरं एवढ्यात बांबू नीट फुटेल काय? ईएसईई या दुसऱ्या कंपनीचा जंगलास नावाचा चाकू तर १० इंचाच्या वर, तो सोडूनच दिला.

दुसरं टेन्शन गंजाचं. ही सगळी कार्बन स्टील, आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच हाय, कोटिंग धारेवर नसतंयच आणि पाठीवरचंपण घासून जातंय. खोबरेल पुसून भागतंय काय?

कोण वापरलासा तर सांगा की, धार घरच्या दगडावर निघते काय तेपण.