‘द हँडमेड्स टेल’ : सेरेनाविषयी सहानुभूती वाटावी का?

प्रश्न : २०१७ साली सुरू झालेल्या या मालिकेतील सेरेना जॉयने गिलियड या काल्पनिक धर्मसत्तेच्या उभारणीला वैचारिक बळ पुरवले आणि त्याच राजवटीने तिचे लिहिणे-वाचणे हिरावून घेतले. दुसऱ्या पर्वात मुलींना वाचता यावे म्हणून ती सत्ताधाऱ्यांच्या सभेत बायबल वाचते, आणि त्यापायी तिचे बोट छाटले जाते. तिची कीव करावी का?

उत्तर १ : जरूर करावी, परंतु त्याच पर्वात, मूल जन्माला घालण्यासाठी तिच्या घरी ठेवलेल्या जून या दासीवर सेरेनाच्या पतीने केलेल्या बलात्काराला तिचीच साथ होती, हे विसरून चालणार नाही. माझ्या लेखी ती आधी गुन्हेगार आहे.

उत्तर २ : मला त्याहून अस्वस्थ करतो तो पहिल्या पर्वातील पूर्वेतिहास. आधी जूनचे कार्ड चालेनासे होते, मग बंदूकधाऱ्यांच्या देखत कार्यालयातील सगळ्या स्त्रियांना कामावरून काढले जाते, आणि तिच्या खात्यातील पैशांवर पतीचा हक्क येतो. तो भला माणूस ‘मी सांभाळीन तुला’ अशा अर्थाचे बोलतो, तेव्हा खरे भय वाटते.

उत्तर ३ : सहमत. शिवाय दासींना धाकात ठेवणाऱ्या आंट लिडियासारख्या स्त्रियांच्याच हाती विजेची काठी देऊन ही राजवट चालते, त्यामुळे सेरेनाचा विचार एकटीपुरता करता येत नाही.