स्वतःच्या हाताने दाबबिंदू : नागपूरकरांचे अनुभव

ॲक्युप्रेशरसाठी, म्हणजे शरीरावरील ठरावीक बिंदू दाबून आराम मिळवण्यासाठी, सकाळी बागेत टाळ्या वाजवणारी मंडळी आणि कपाटाच्या कोपऱ्यात पडलेला लाकडी रोलर आपल्या शहराला नवा नाही. परंतु नेमके कोठे दाबले आणि त्याने काय झाले, असे विचारले की उत्तरे मोघम होतात. म्हणून या धाग्यासाठी विनंती एवढीच आहे की, स्वतःच्या अंगावर जे करून पाहिले तेच लिहावे, जागा आणि वेळ सांगावी, आणि जेथे उपयोग झाला नाही तेही सांगावे. शेजाऱ्यांचा मधुमेह तळवे दाबून बरा झाल्याच्या कथा येथे नकोत.

शिक्षिका, धरमपेठ

परतवाडा मागे पडून चिखलदऱ्याचा घाट सुरू झाला की मला मळमळू लागते. मनगटाच्या आतील घडीपासून कोपराच्या दिशेने स्वतःचीच तीन बोटे आडवी ठेवावीत. त्यांच्या वरच्या कडेला, मूठ किंचित आवळल्यावर उठून दिसणाऱ्या दोन शिरांच्या मधोमध हा बिंदू येतो. (आपण शिरा म्हणतो, पण ते स्नायुबंध असतात.) पोटात ढवळू लागण्याच्या आधीच, घाटाच्या पायथ्याशी, मी दोन्ही हातांवर आळीपाळीने दोन-तीन मिनिटे अंगठ्याने दाबून धरते आणि नजर लांबच्या रस्त्यावर ठेवते. एकदा उलटीची भावना गळ्याशी आली की मग दाबून काही होत नाही. पुढील आसन आणि रिकामे नसलेले पण हलके पोट यांचा वाटा यात किती, हे मला वेगळे काढता आलेले नाही.

फिजिओथेरपिस्ट, प्रतापनगर

ताईंनी सांगितलेल्या बिंदूला चिनी परंपरेत नेइग्वान म्हणतात आणि सर्वाधिक तपासलेल्या बिंदूंपैकी तो एक आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीबाबत ५९ चाचण्यांचा कॉक्रेन (वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणारी संस्था) आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात या बिंदूचा उपयोग आढळला, मात्र पुराव्याची प्रत कमी असल्याचेही तेथेच नोंदवले आहे. शस्त्रक्रियेनंतरची मळमळ आणि घाटातील मळमळ या निराळ्या गोष्टी आहेत. तरी करून पाहण्यात धोका नाही आणि खर्चही नाही, त्यामुळे मी कोणाला अडवत नाही.

विक्रेती, बर्डी

साड्यांच्या दुकानात दिवसभर उभे राहावे लागते. सकाळी पलंगावरून उतरून पहिले पाऊल टाकले की टाचेत खिळा टोचल्यासारखे होत असे. एका ओळखीच्या बाईंनी तळव्याचा रंगीत तक्ता दाखवून सांगितले की, दुखते ती जागा मूत्रपिंडाची आहे, आणि त्यामुळे महिनाभर उगाच भीती वाटत राहिली. आता मी खुर्चीवर बसून गोठवलेली पाण्याची बाटली रुमालात गुंडाळून तळव्याखाली पुढे-मागे फिरवते, मग पायाची बोटे हाताने वर ओढून धरते. दुखणे पूर्ण गेलेले नाही, परंतु पहिली पावले सुसह्य झाली आहेत. तक्ता परत दिला.

फिजिओथेरपिस्ट, प्रतापनगर

तक्ता परत दिलात हे उत्तम केलेत. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड पट्टा जातो, त्याच्या टाचेकडील टोकाशी आलेल्या ताणाने सहसा असे दुखते. त्याचा मूत्रपिंडाशी संबंध जोडण्याचे कारण नाही. अशा तक्त्यांवरची रिफ्लेक्सॉलॉजी, म्हणजे तळव्यावरील ठिपके दाबून अवयवांवर उपचार करण्याची पद्धत, प्राचीन चिनी आहे असा समज सर्वत्र दिसतो. प्रत्यक्षात विल्यम फिट्झजेराल्ड या अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञाने १९१७ च्या सुमारास शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले आणि युनिस इंगहॅम यांनी १९३० च्या दशकात सगळे शरीर तळव्यांवर मांडले. तळव्यावरील ठरावीक ठिपका आणि ठरावीक अवयव यांचे नाते सिद्ध झालेले नाही. पाय चोळल्यावर अंग सैल पडते आणि झोप बरी लागते, हे मात्र खरे, आणि तेवढ्यासाठी पाय चोळायला माझी हरकत नाही.

संगणकावर काम करणारा, हिंगणा रोड

मे महिन्यात कूलरचा झोत रात्रभर मानेवर येतो आणि सकाळी मान आखडलेली असते. कवटीच्या खालच्या काठाशी, मानेच्या मधल्या स्नायूंच्या दोन्ही बाजूंना जे खळगे लागतात, तेथे दोन्ही अंगठे टेकवून डोके हळूच मागे सोडल्यास डोक्याचेच वजन दाब देते. सावकाश श्वास घेत एक मिनिट थांबतो, मग पुन्हा. कपाळापर्यंत चढलेला ठणका याने उतरतो, पण कूलरची दिशा बदलल्याशिवाय दुसऱ्या दिवशी तो पुन्हा येतोच.

निवृत्त कर्मचारी, महाल

चीनला १९३८ मध्ये गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. कोटणीस होते हे सगळ्यांना ठाऊक असते. आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर त्याच पथकात होते, हे फारसे कोणी सांगत नाही. त्याच पथकातील डॉ. बसू यांनी पुढे ॲक्युपंक्चर, म्हणजे अशाच बिंदूंवर सुया टोचण्याची पद्धत, भारतात आणले. असो. माझे म्हणणे टोकदार दाण्यांच्या चपलांविषयी आहे. मला मधुमेह आहे आणि पायांची संवेदना कमी झाली आहे; हौसेने घेतलेल्या चपलेने तळव्याला फोड आला, तो मला कळला नाही, सौभाग्यवतींना दिसला. डॉक्टरांनी त्या चपला वापरण्यास साफ मनाई केली.

परिचारिका, मेडिकल चौक

काकांच्या सांगण्यात एवढीच भर घालते. गरोदर स्त्रियांनी अंगठा-तर्जनीच्या बेचक्यातील आणि आतील घोट्याच्या चार बोटे वरचा बिंदू दाबू नये, असा परंपरेचाच संकेत आहे. छातीत दाटून येऊन डावा हात भरून आला असेल आणि घाम फुटला असेल, तर हृदयाचा म्हणून सांगितला जाणारा करंगळीखालील बिंदू दाबत बसू नये, रुग्णवाहिका बोलवावी. भर उन्हातून आलेल्या माणसाला ग्लानी आली, तर आधी सावली, ओले कापड आणि वारा हवा, शुद्धीवर असल्यास पाणीही, आणि बोलणे असंबद्ध झाले तर थेट रुग्णालय.

विद्यार्थिनी, खामला

घोट्यावरील तोच बिंदू मी पाळीच्या दिवसांत दाबते. नडगीच्या हाडाच्या मागच्या कडेला लागून दाबले की बोथट कळ उठते, ती ओळखीची झाली आहे. ओटीपोटातील दुखणे थोडे कमी होते. पोटावर गरम पाण्याची पिशवीही असतेच, आणि परीक्षा असेल तर ती सोडून केवळ बिंदूवर विसंबण्याची माझी तयारी नाही.