व्हॅन पणजीत, सायकल जुन्या गोव्यात: तुमचे अनुभव लिहा

जुनं गोवं गाडीतून तासाभरात उरकून लोक परत किनाऱ्यावर जातात, याचं मला पणजीकर म्हणून वाईट वाटतं. कॅम्परव्हॅनच्या मागे सायकली टांगून येणारी मराठी कुटुंबं हल्ली दिसतात. त्यांना सांगणं एकच, व्हॅन उभी करा आणि सायकली काढा. मी पणजीतल्या मळा भागातून सकाळी लवकर निघते. पाटो पूल ओलांडला की रायबंदरचा बांध लागतो. १६३०च्या दशकात बांधलेल्या या बांधावरून आजही वाहनं धावतात, म्हणून उजेड होताच तो पार करावा. पुढे मांडवीच्या काठाकाठानं जुनं गोवं. सगळा रस्ता साधारण दहा किलोमीटर, चढ जवळजवळ नाहीच. मुक्काम, वाट, खाणं, ज्याला जे ठाऊक असेल ते लिहा.

कोल्हापूरहून
आम्ही नवरा-बायको आंबोलीमार्गे व्हॅन घेऊन आलो. किनाऱ्यावर कुठंही गाडी लावून शेगडी पेटवायचा विचार असेल तर सोडून द्या. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक केला तर दंड आहे. शिवाय सांडपाणी कुठं टाकणार? आम्ही पर्वरीत एका घराच्या आवारात पैसे देऊन राहिलो. वीज आणि नळाचं पाणी मिळालं, रात्री झोपही शांत लागली. घरच्या वहिनींनी सकाळी पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, थांबवून आम्हाला गरम उंडे (गोल पाव) घेऊन दिले. तोही सायकलवरच, भोंगा वाजवत येतो.

दिवाडीहून
मी इथलीच. ताई, तुमच्या वाटेत माझी एक भर. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीनं आमच्या बेटावर या. मोठी व्हॅन मात्र आणू नका. ओहोटीला बोटीचा उतार इतका तिरपा होतो की लांब गाडीचा मागचा भाग घासतो. सायकल सहज चढते. बेटावर शेतांमधून सपाट रस्ते, दम लागतो तो फक्त पिएदादच्या टेकडीवर. तिथून मांडवीपलीकडे जुन्या गोव्याची शिखरं दिसतात.

बेटाच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्याची फेरी मिळते. पलीकडे सप्तकोटेश्वर आहे. या देवाचं मूळ देऊळ आमच्या दिवाडीवर होतं. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव पलीकडे नेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथं देऊळ उभारायला लावलं. शिलालेख दारावरच आहे. महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी हे चुकवलं तर मला मनापासून वाईट वाटेल.

परतताना पुन्हा जुन्या गोव्याच्या धक्क्यावर उतरा. सरळ वर गेलात की व्हाइसरॉयची कमान. वास्को द गामाचा पणतू व्हाइसरॉय असताना, १५९९ मध्ये ती उभी राहिली. (आजचं बांधकाम १९५४ चं.) नवा व्हाइसरॉय नदीतून येऊन याच दारानं शहरात शिरायचा. गाडीनं येणारे शहरात मागच्या बाजूनं शिरतात, म्हणून त्यांना त्याची रचनाच उमगत नाही.

पुण्याहून
लेक बारा वर्षांची, तिला चर्चपेक्षा अवशेष आवडले. सेंट ऑगस्टीनचा मनोरा मुळात ४६ मीटर उंच होता. १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं आणि आता मनोऱ्याचाही अर्धाच भाग उभा आहे. तिथवर थोडा चढ आहे. आम्ही सायकली हातात धरून गेलो. मग बॉम जेझूस बॅसिलिका. तिचा उघडा जांभा बघून सगळे फोटो काढतात, पण वर चुन्याचा गिलावा होता, तो १९५०च्या दशकात काढला. जांभा पावसात झिजतो. गिलावा परत चढवावा असं म्हणणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत आहे, फोटो कमी सुंदर आले तरी चालतील.

बेळगावहून
पाणी भरपूर ठेवा. दहानंतरच्या दमटपणात सपाट रस्ताही जड होतो. पक्षी बघायचे असतील तर रायबंदरहून फेरीनं चोडणला जा, सलीम अली अभयारण्य धक्क्याला लागूनच आहे.

म्हापशाहून
३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचा सण असतो. फेस्त बघायचं तर जरूर या, जत्रेतलं गोड खाजं घ्या. पण निवांत सायकल चालवायची असेल तर ती तारीख आणि त्याआधीचे नोव्हेनाचे (नऊ दिवसांच्या प्रार्थनांचे) दिवस टाळा, चर्चच्या आवारापर्यंत सायकल हातात धरून नेणंही कठीण होतं.