जम्पिंग जॅक: नडगी दुखतेय आणि खालच्या काकू वर आल्या. सल्ला द्या!

अळूवडी:
वय ४२, बैठं काम, आजवरचा व्यायाम म्हणजे भाजी आणायला जाणं. सोमवारी घरीच जम्पिंग जॅक (उडी मारून पाय फाकवायचे, हात वर नेऊन टाळी, पुन्हा उडीने पाय जवळ) सुरू केले. पहिल्याच दिवशी जोशात सलग ५० मारले. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा भरल्या की जिना कठडा धरून उतरले. नडगी दुखतेय ती वेगळीच. त्यात खालच्या काकू "मसाला कुटतेस का गं?" विचारून गेल्या. काय चुकतंय?

सायंफेरी:
अनवाणी, फरशीवर ना? मग नडगी बोलणारच. बूट घाला, खाली मॅट घ्या. सतरंजी नको, सरकते.

तिसरा_मजला:
काकूंनी चूक बरोबर पकडलीय. धप्प आवाज येतो म्हणजे टाच आपटतेय नाहीतर गुडघे ताठ आहेत. चवड्यावर उतरायचं, मग टाच अलगद टेकवायची, गुडघे किंचित वाकलेले. उतरताना ते आत पडतात का तेही बघा, पायाच्या बोटांच्या रेषेत हवेत. माझे पडायचे. आरशात कधी दिसलं नाही, मोबाइल स्टुलावर ठेवून समोरून व्हिडिओ काढला तेव्हा कळलं.

पण आत्ता उड्या बंद. स्टेप जॅक करा: उजवा पाय बाजूला टाकताना हात वर, पाय जवळ घेताना हात खाली, मग डावा. २० सेकंद हे, ४० सेकंद जागच्या जागी चालणं, अशा ६ फेऱ्या. दिसायला बालवाडीची कवायत, पण चौथ्या फेरीला घाम फुटतो. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढीच धाप लागू द्या.

अळूवडी:
हात पूर्ण वर नेले की खांदा कुरकुरतो.

तिसरा_मजला:
मग खांद्याच्या उंचीपर्यंतच न्या. टाळीची सक्ती शाळेत होती.

चिमणचारा:
कुणी बोलत नाही म्हणून मीच लिहिते. दोन बाळंतपणांनंतर उडी मारली की मला थेंब थेंब लघवी व्हायची. वर्षभर कुणाला न सांगता व्यायामच सोडला होता. शेवटी फिजिओथेरपिस्टने ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम दिले. तोवर स्टेप जॅकच. असं होत असेल तर लाजू नका.

सायंफेरी:
नडगीवर बोटाने दाबल्यावर एकाच जागी ठणकत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

अळूवडी (दहा दिवसांनी):
एकाच जागी नव्हतं, आता दुखायचंही थांबलंय. स्टेप जॅक एक दिवसाआड, ६ फेऱ्या. काल काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "सोडलंस ना गं? मला वाटलंच होतं."