न्हाणीतला गॅस गिझर आणि सासूबाईंची चक्कर

प्रश्न (यावल): आमचं धाब्याचं घर. न्हाणीत गॅस गिझर आहे. खिडकी वीतभर, तीही थंडीमुळे गोणपाटाने बुजवलेली. परवा सासूबाई अंघोळीला गेल्या, बराच वेळ आवाज नाही. दार ढकललं तर भिंतीला टेकून बसलेल्या, तोंडातून शब्द फुटेना. ओट्यावर मोकळ्या वाऱ्यात आणल्यावर सावरल्या. गॅसचा वास अजिबात नव्हता. मग झालं काय? माझे हात अजून कापतात.

उत्तर (जळगाव, गिझर दुरुस्ती करतो): ताई, सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम मिसळलेला असतो. हा कार्बन मोनॉक्साइड असणार. हवा कमी पडली की ज्योत अर्धवट जळते आणि तो तयार होतो. ना रंग, ना वास. रक्तात ऑक्सिजनची जागा तोच बळकावतो. गिझर आजच बंद करा. बाहेर उघड्यावर बसवून घ्या, आत फक्त गरम पाण्याचा पाइप. आईंना बरं वाटत असलं तरी डॉक्टरांना दाखवाच.

उत्तर (धुळे): निखाऱ्यांचंही तेच. भरीत भाजून उरलेले पऱ्हाटीचे निखारे आम्ही घमेल्यात घालून खोलीत नेले होते. तासाभरात तिघांचंही डोकं ठणकायला लागलं, लेकीला उलटी झाली. दारं उघडून बाहेर पळालो.

प्रश्नकर्ती: आईंना दाखवून आणलं, आता ठीक आहेत. गोणपाट फेकलं, गिझर उद्या बाहेर जातोय. शेगडीची नळी पाहिली तर तिचीही मुदत संपलेली. गळतीसाठीचा १९०६ नंबर ओट्याशेजारी खडूने लिहिला.